विक्रम कोणाला करायचं? कथेतलं वर्णन आणि पडद्यावरचा माणूस

रावपुरा_वाचक

मंडळी, जरा मार्गदर्शन हवं आहे. बडोद्यातल्या आमच्या हौशी गटानं वेताळपंचविशीवर साधारण ४० मिनिटांची मराठी फिल्म करायचं ठरवलंय. बाहेरची चौकट विक्रम-वेताळाची. आत दोन कथा. एक, धोब्याघरची: बाईचा नवरा आणि तिचा भाऊ यांची मस्तकं उलटसुलट जोडली जातात ती. दुसरी, राजाचा जीव वाचावा म्हणून सात वर्षांच्या मुलाला ब्रह्मराक्षसापुढे बळी द्यायला नेतात आणि तो मुलगा ऐन वेळी हसतो ती. पटकथा तयार आहे. कॅमेरा एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरचा, लेन्स २४ आणि ५० मिमी. शूटिंग डिसेंबर-जानेवारीत.

सगळं अडलंय ते पात्रनिवडीवर. आमच्यातला सर्वांत चांगला नट ५ फूट ४ इंच, सावळा. अर्ध्या गटाचं म्हणणं, विक्रम म्हणजे उंच, गोरा, भरदारच हवा. लोकांच्या डोळ्यांसमोर तोच आहे. ब्रह्मराक्षसासाठी साडेसहा फुटी माणूस शोधत बसायचं का? मुलगा खरंच सात वर्षांचा घ्यावा की दहाचा घेऊन सात सांगावं? मस्तकांच्या कथेसाठी दोन नट एकमेकांसारखे हवेत की अगदी वेगळे? आणि वेताळ तर सारखा विक्रमाच्या पाठीवर, तेव्हा त्याचं वजनही आलंच.

मोठमोठ्या सिनेमांवर या बाबतीत इतका वाद होतो, त्यातून आमच्यासारख्यांनी नेमकं काय उचलायचं? मूळ कथेतलं कुठलं वर्णन पाळावं लागतं आणि कुठलं सोडलं तरी चालतं?

वाचनवेडी

आधी एक काम करा. संहिता घेऊन बसा आणि प्रत्येक पात्राच्या शारीरिक वर्णनाखाली पेन्सिलीनं रेघ ओढा. मग प्रत्येक रेघेला एकच प्रश्न विचारा: हे काढलं तर पुढचा कुठला प्रसंग कोसळतो? ज्यानं प्रसंग कोसळतो ते पाळायचं, बाकीचं नटावर सोडायचं.

हॅरी पॉटरचं उदाहरण घ्या. पुस्तकात त्याचे डोळे हिरवे आहेत. डॅनियल रॅडक्लिफला हिरव्या कॉन्टॅक्ट लेन्सचा त्रास व्हायला लागला म्हणून त्या काढून टाकल्या आणि डोळे निळेच राहिले. कथेचं काही बिघडलं नाही, कारण कथेला हिरवा रंग नकोच होता. तिला हवं होतं की मुलाचे डोळे हुबेहूब आईसारखे असावेत. खरी चूक झाली ती शेवटच्या भागात. तिथे आईच्या लहानपणीच्या प्रसंगातल्या मुलीचे डोळे तपकिरी दिसतात, आणि ‘आईचे डोळे’ हा तर सगळ्या कथानकाचा कणा. म्हणजे एकट्याचं वर्णन चुकलं तर चालून गेलं, दोघांमधलं साम्य चुकलं ते मात्र खटकलं. तुमच्या कामाचं हेच आहे.

दुसरं उदाहरण गेम ऑफ थ्रोन्समधल्या ठेंगण्या टायरियन लॅनिस्टरचं. पुस्तकात एका लढाईत त्याचं जवळजवळ सगळं नाक जातं. मालिकेत चेहऱ्यावर नुसता व्रण ठेवला. मुख्य पात्राचं नाक प्रत्येक शॉटमध्ये नाहीसं करायचं म्हणजे रोजचा मेकअप किंवा रोजचं संगणकावरचं व्हीएफएक्स. कथेला हवं होतं की तो लढला आणि त्याची खूण अंगावर राहिली. तेवढं व्रणानं भागलं. उंची मात्र बदलली नाही, कारण बापाचं आणि बहिणीचं त्याच्याशी जे वागणं आहे ते सगळं तिच्यावर उभं आहे.

आता विक्रमाकडे या. सोमदेवाच्या कथासरित्सागर या जुन्या संस्कृत कथासंग्रहात हा राजा त्रिविक्रमसेन, गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. त्याच्या रंगावर किंवा उंचीवर एकही प्रसंग टेकलेला नाही. टेकलाय तो त्याच्या गप्प बसण्यावर. बोलला की वेताळ उडून झाडावर जातो. चौकटीतल्या प्रत्येक प्रसंगात हा माणूस ऐकतोय, मनात उत्तर जुळवतोय, ते गिळतोय आणि शेवटी त्याच्या तोंडून ते निसटतंय. ज्याचं ऐकणं कॅमेऱ्यात दिसत नाही असा सहा फुटी नट घेतला तर चौकट मेलीच म्हणून समजा.

चाचणी अशी घ्या: उमेदवाराला खुर्चीत बसवा, चेहऱ्याचा क्लोजअप लावा, बाजूला बसून कोणीतरी एक पूर्ण कथा वाचायची. ९० सेकंद त्यानं काही बोलायचं नाही, भुवया उडवायच्या नाहीत. नंतर आवाज बंद करून क्लिप बघा. कथा कुठे वळली ते नुसत्या चेहऱ्यावरून कळलं तर तोच विक्रम. तुमच्या सावळ्या नटाला ही परीक्षा द्या आणि त्या गोऱ्या-उंच उमेदवारालाही द्या. वाद तिथेच मिटेल.

सुरसागर_काठ

‘लोकांच्या डोळ्यांसमोर तोच आहे’ हे म्हणणं मात्र झटकून टाकू नका. ते डोळ्यांसमोर आलं कुठून ते तपासा. १९८५ च्या दूरदर्शन मालिकेत अरुण गोविल विक्रम होते आणि सज्जन वेताळ. नंतर तेच गोविल राम झाले. अर्ध्या गटाला विक्रम म्हणून जो दिसतोय तो पोथीतला नाही, त्या मालिकेतला आहे.

आपल्या बडोद्यात तर याचं मूळच सापडतं. सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्याकडून पौराणिक चित्रांची मालिका काढून घेतली. त्यांतली चित्रं आजही राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंग संग्रहालयात बघता येतात. पुढे रविवर्म्याच्या छापखान्यातून देवादिकांच्या तसबिरी घरोघर गेल्या, आणि सीता कशी, दमयंती कशी, हे ठरून गेलं. ते चेहरे एका चित्रकाराची पात्रनिवडच होती, पोथीत तसे नव्हते. हे एकदा गटातल्यांना तिथे नेऊन दाखवा. वादाचा सूर बदलेल.

निवड किती घट्ट बसते याचा पुरावाही इथलाच. रामायण मालिकेतल्या सीता, दीपिका चिखलिया, १९९१ मध्ये याच बडोद्यातून लोकसभेवर निवडून आल्या. एकदा बसलेला चेहरा लोक सहज सोडत नाहीत, हे खरंच आहे.

पण प्रेक्षक नवं स्वीकारत नाही असंही नाही. दादासाहेब फाळके इथल्या कलाभवनात शिकलेले. त्यांच्या १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता दोघंही केले. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली होती फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. नाटकातल्या पुरुषांच्या स्त्रीभूमिका बघत आलेल्या लोकांना त्यात अडचण वाटली नाही. प्रेक्षकाशी करार पहिल्या काही मिनिटांत होतो. विक्रमाची ओळख अंधारात, पाठमोरी, नुसत्या चालण्यावर करा आणि चेहरा उशिरा दाखवा. तोवर लोकांनी ‘हा राजा’ हे मान्य केलेलं असेल.

मांडवीकर

वाचनवेडीताई, पेन्सिलीची रीत चांगली आहे, पण ‘प्रसंग कोसळतो का’ एवढ्यावर भागत नाही. काही वर्णनं कुठल्याही एका प्रसंगात नसतात, सगळ्या जगात पसरलेली असतात.

अर्थसी ही कादंबरीमालिका घ्या. उर्सुला ले ग्विन यांनी तिचा नायक गेड तांबूस-तपकिरी कातडीचा लिहिला. त्या द्वीपसमूहात बहुतेक लोक सावळे-काळे, आणि गोरे ते बाहेरचे कार्ग. २००४ च्या मालिकेत गेड गोरा केला. एकेक प्रसंग तपासला तर कुठलाच कोसळत नाही, पण लेखिकेनं मुद्दाम उलटं मांडलेलं जग मालिकेनं पुन्हा सरळ करून टाकलं. ले ग्विन यांनी जाहीर लेख लिहून आक्षेप घेतला, तो रास्तच होता.

उलट बाजूही बघा. लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या जगातल्या २०२२ च्या ‘रिंग्ज ऑफ पॉवर’ मालिकेत हारफुट, म्हणजे बुटक्या हॉबिट लोकांच्या एका जमातीत, सावळे नट दिसले म्हणून केवढा गदारोळ झाला. टॉल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ पुस्तकाच्या प्रस्तावनेत स्पष्ट लिहिलंय की हारफुट इतर हॉबिटांपेक्षा जास्त तपकिरी कातडीचे. ओरडणाऱ्यांनी पुस्तकाचं नाव घेतलं, पण मनात धरला होता आधीचा सिनेमा. तेव्हा मी म्हणेन, रंगाचा प्रश्न आला की दोनदा तपासा: मूळ मजकूर काय म्हणतो आणि त्या जगात त्या रंगाला काही अर्थ दिलाय का. विक्रमाच्या बाबतीत दोन्हींचं उत्तर नाही असंच येतं, म्हणून तुमच्या सावळ्या नटाला माझा पूर्ण पाठिंबा. आणि खरं सांगायचं तर गोदाकाठचा राजा गोराच हवा हा हट्ट ऐकून वाईट वाटतं.

ब्रह्मराक्षसाला मात्र ‘काळा म्हणजे भयंकर’ हा सोपा मार्ग अजिबात घेऊ नका. तसंच बोलीचं. राजा पुस्तकी मराठीत आणि राक्षस किंवा धोबी गावरान बोलीत, असं झालं की निवड न करताही तुम्ही निवड केलेली असते. गेम ऑफ थ्रोन्समध्ये उत्तरेच्या घराण्याला उत्तर इंग्लंडची बोली दिली, ती नायकांची बोली म्हणून ऐकू आली. तुमच्याकडे राजालाच बडोद्याची घरगुती मराठी द्या ना. इथल्या कानाला ती परकी वाटणार नाही.

अजून एक. ठेंगण्या पात्रासाठी खरोखर ठेंगणा नट मिळत असताना दुसऱ्याला लहान करून दाखवणं मला पटत नाही. २०१२ च्या ‘स्नो व्हाइट अँड द हंट्समन’मध्ये नेहमीच्या उंचीच्या नामवंत नटांचे चेहरे ठेंगण्या शरीरांवर बसवले, तेव्हा अमेरिकेतल्या ठेंगण्या व्यक्तींच्या संघटनेनं निषेध केला. या नटांना मुळात कामं कमी, आणि जे त्यांचं तेही दुसऱ्याला. तुमच्या संहितेत असं पात्र नाही, पण राजसभेत विदूषक वगैरे घालणार असाल तर आत्ताच विचार करा.

फोकस_फूट

ब्रह्मराक्षसासाठी साडेसहा फुटी माणूस शोधू नका. १७० सेंमीचा चांगला नट घ्या, तो २५५ सेंमीचा दिसेल. कॅमेऱ्यात उंची अंतरावर ठरते. राजा, आईबाप आणि मुलगा कॅमेऱ्यापासून ३ मी. वर, राक्षस २ मी. वर. प्रमाण दीडपट. दोघं बाजूबाजूला दिसतील अशी जागा धरा आणि कॅमेरा तिवईवर घट्ट. तो सरकला की दोघांतलं अंतर लगेच उघडं पडतं.

पहिली चूक लोक पायांत करतात. लेन्स जमिनीपासून १२० सेंमीवर ठेवली तर पुढच्या नटाचे पाय मागच्यांच्या जमिनीच्या ६० सेंमी खाली गेल्यासारखे दिसतात. पायाची रेघ जुळवायला राक्षसाला लेन्सच्या उंचीच्या एक तृतीयांश, म्हणजे ४० सेंमी चौथऱ्यावर उभं करावं लागेल. त्यापेक्षा कॅमेराच खाली आणा. लेन्स जमिनीपासून १५ सेंमीवर असेल तर ५ सेंमीची फळी पुरते, आणि तिच्यापुढे माती-पाचोळा टाकला की दिसतही नाही. शिवाय खालून बघितल्यानं राक्षस आणखी भव्य वाटतो.

दुसरी चूक फोकसची. २४ मिमी लेन्स, एफ/८ (म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच लहान), फोकस २.४ मी. वर ठेवा, तुमच्या सेन्सरवर साधारण १.४५ पासून ७ मी. पर्यंत सगळं स्पष्ट येईल. ५० मिमी लावलीत तर एफ/८ लाही जेमतेम २.१ ते २.८ मी. मिळतात, म्हणजे राक्षसही धूसर आणि राजाही. रात्रीचा प्रसंग एफ/८ वर घ्यायचा तर दिवे भरपूर लागतील. पुरत नसतील तर संध्याकाळच्या उरलेल्या उजेडात घ्या आणि संपादनात निळसर-काळं करा. दिवा बाजूनं मारा. समोरून मारलात तर राक्षसाची सावली चुकीच्या मापानं राजावर पडेल.

तिसरी चूक नजरेची, आणि याच चुकीनं सगळं खोटं वाटतं. राक्षस प्रत्यक्षात मुलाच्या एक मीटर पुढे आहे. त्यानं खऱ्या मुलाकडे पाहिलं तर तो मागे वळल्यासारखा दिसेल. त्याच्याच ओळीत, मुलाच्या बाजूला, स्टँडवर चिकटपट्टीची खूण लावा. मुलगा ११५ सेंमीचा धरला आणि लेन्स १५ सेंमीवर, तर खूण जमिनीपासून ८० सेंमीच्या आसपास येईल. राजा आणि मुलगा यांनी आपल्या ओळीत बांबूवर अडीच मीटरवर लावलेल्या खुणेकडे बघायचं. मॉनिटरवर बघून खुणा बोटभर इकडेतिकडे करा.

स्पर्श या शॉटमध्ये होणार नाही. राक्षसाचा हात मुलाच्या डोक्यावर येतो तो शॉट वेगळा घ्या, फक्त हात आणि केस.

लॉर्ड ऑफ द रिंग्जमध्ये हेच केलं, फक्त कॅमेरा हलला की नटही हलतील असे फिरते मंच बांधून. आणि एक गंमत: बुटका गिमली करणारे जॉन ऱ्हिस-डेव्हिस ६ फुटांहून उंच. गिमली आणि हॉबिट दोघंही एकाच प्रमाणात लहान करायचे होते, आणि गिमली हॉबिटांपेक्षा जरा उंच हवा होता. म्हणून उंच नट घेतला तर त्यांच्या एकत्र शॉटमध्ये काहीच युक्ती लागली नाही. निवड अशी जोड्यांचा हिशेब करून होते.

रावपुरा_वाचक

फोकसदादा, खूणा आणि मापं लगेच लिहून घेतली. सुरसागर काका, संग्रहालयाची कल्पना छान, सगळ्यांना नेतो. विक्रमाच्या चाचणीवर गटाचं एकमत झालंय. आता मस्तकांची कथा आणि तो मुलगा. मुलासाठी दहा वर्षांचा एक चुणचुणीत मुलगा आहे, सात म्हणून खपेल का?

बालरंग

सात म्हणूनच का खपवायचं? कथेला काय हवंय बघा. आईनं हात धरलेत, बापानं पाय, राजानं तलवार उचललीय, समोर दैवतासारखा राक्षस. ज्यांनी रक्षण करायचं तेच सगळे मारायला उभे, हे कळून मुलगा हसतो. त्या हसण्यात समज हवी. सात वर्षांच्या बहुतेक मुलांकडून ते हसू मागून मिळत नाही. मिळतं ते गुदगुल्यांचं. दहाचा समजून हसू शकतो. ‘सात’ हा आकडा संवादातून काढा, काही बिघडत नाही.

पण वय वाढवताना एक मर्यादा सांभाळा. पर्सी जॅक्सनच्या २०१० च्या सिनेमात १२ वर्षांचा नायक १६ चा केला आणि कथेचा पोतच बदलला. भाबडं धाडस होतं तिथे किशोरवयीन हिरोगिरी आली. २०२३ च्या मालिकेत पुन्हा त्याच वयाजवळचा मुलगा घेतला. तुमच्याकडे १३-१४ चा मुलगा आणलात तर प्रेक्षक विचारेल, हा पळून का जात नाही? आईबापांनी हात-पाय धरले की सुटता येणार नाही असं अंग हवं. म्हणून उंची १२०-१२५ सेंमीच्या आत, दुधाचे दात पडून नवे आलेले चालतील, पण आवाज फुटायच्या बराच आधीचा मुलगा.

आणि कायद्याचं. १४ वर्षांखालच्या मुलाला दृकश्राव्य निर्मितीत घ्यायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पालकांची संमती लागतेच. फिल्म हौशी आहे म्हणून अर्ज टाळू नका. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती हवीच. दर पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती, जिच्याकडे त्या दिवशी दुसरं काम नसेल. मानधन दिलंत तर किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. मुलाची इच्छा नसेल तर कामच नाही. अर्जाला वेळ लागतो, म्हणून नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच द्या.

बळीचा प्रसंग मुलाला आधी तीन-चारदा दिवसाउजेडी खेळून दाखवा. तलवार फोमची आणि ती त्याच्या हातात देऊन त्यालाच वाकवायला लावा. राक्षसाचा मेकअप त्याच्यासमोर चढवा, म्हणजे आत कोण आहे ते त्याला माहीत असेल. घाबरलेलं मूल हसत नाही.

नेपथ्य_मेकअप

मस्तकांबद्दल माझं मत सरळ आहे: दोघं बांध्यानं सारखे आणि चेहऱ्यानं पूर्ण वेगळे घ्या. उंची दोन-तीन सेंमीच्या आत, वजन तीन किलोच्या आत, कातडीचा रंग जवळपास एक. एकाला दाढी, एक सफाचट. मग अदलाबदल झाल्यावर तुम्हाला एकाचं डोकं खरोखर दुसऱ्याच्या धडावर बसवावंच लागत नाही. तोच नट, पण अंगावर दुसऱ्याच्या खुणा. उजव्या दंडावर गोंदण, छातीवर डाग, हातात कडं. कथासरित्सागरातही वाद आहे तो नवरा कोणता याचा. धडाची ओळख पटली की पुरे.

बांधा वेगळा घेतलात, एक पैलवान आणि एक काडी, तर अदलाबदलीनंतरच्या प्रत्येक शॉटला एका नटाचं डोकं आणि दुसऱ्याचं धड जोडायचं. दोन वेळा तंतोतंत तीच फ्रेम, तोच प्रकाश, मानेवर सांधा. हौशी गटाचं त्यात आठ-दहा शॉटमध्येच कंबरडं मोडतं.

मांडवीकर

खुणा फार पुसट पडतात. प्रेक्षक दोन मिनिटांत विसरतो गोंदण कोणाच्या दंडावर होतं ते.

नेपथ्य_मेकअप

बरोबर, म्हणून खूण अदलाबदलीपूर्वी तीनदा कामात आणायची. बायको गोंदणावरून बोट फिरवते. भाऊ कडं दगडावर आपटून लय धरतो. धोबीघाटावर दोघं उघड्या अंगानं कपडे आपटतात तेव्हा छातीवरचा डाग दिसतो. आणि सांधा प्रत्यक्ष दाखवणारा एक शॉट मी म्हणतो तसा खरा जोडून घ्या: तिवई घट्ट, उपरणं मानेभोवती, आधी एक नट त्या जागी, मग दुसरा. जोड उपरण्याच्या काठावर. कातडीचा रंग जुळलेला असेल तर कळणारही नाही. इथे रंगाला महत्त्व आहे, पण ते दोघांच्या जुळण्याला.

वेताळाचं. देह आणि आवाज वेगळे निवडा. स्टार वॉर्समध्ये डार्थ व्हेडरचं अंग डेव्हिड प्राउजचं, आवाज जेम्स अर्ल जोन्सचा. तुमच्या फिल्ममधले सर्वांत लांब संवाद वेताळाचे आहेत. पाठीवर हिंदकळत ते नीट येणारच नाहीत. आवाजासाठी पन्नाशी-साठीचा मुरलेला नाट्यवाचक घ्या आणि नंतर डबिंग करा. देहासाठी ४५ किलोच्या आतलं, मल्लखांब करणारं कोणी. जुम्मादादा व्यायाम मंदिरात विचारून बघा. ओठ जुळत नाहीत ते लपवायला वेताळाला लांब विस्कटलेली दाढी किंवा पुढे आलेला खोटा जबडा द्या.

पाठीवरचे शॉट तीन प्रकारांत वाटा. लांबून चालताना: फोम आणि जुन्या कपड्यांचा पुतळा, ६ ते ८ किलोचा. त्याहून हलका केलात तर विक्रमाची चाल फसवी दिसते. मध्यम अंतराचे: खरा माणूस, पण एका वेळी १५-२० सेकंद, सपाट जमिनीवर, आणि विक्रमाच्या कपड्याखाली कमरेला रुंद पट्टा. दोघांच्या चेहऱ्यांचे क्लोजअप: वेताळ मागे फूटभर उंच स्टुलावर उभा, हात विक्रमाच्या खांद्यावरून पुढे, विक्रम जागच्या जागी पावलं टाकतो. यातच बहुतेक संवाद काढा.

झाडावर उलटं लटकण्याचा शॉट एका मिनिटाच्या आत, खाली गाद्या आणि दोन धरणारे. रक्तदाब किंवा डोळ्यांचा काही त्रास असेल त्याला हे देऊच नका. क्लोजअप मात्र नट सरळ उभा ठेवून, कॅमेरा उलटा करून घ्या. केस जेल आणि बारीक तारेनं डोक्याच्या वर ताणून बसवा, नाहीतर फ्रेम उलटल्यावर ते आभाळाकडे पडलेले दिसतील. कपाळावर थोडा लालसर रंग द्या, उलट्या माणसाचा चेहरा तांबारतो.

जबडा आणि राक्षसाचं कपाळ करायचं तर फाइन आर्ट्सच्या शिल्पकला विभागातल्या मुलांची मदत घ्या, साचा त्यांना जमतो. चेहऱ्याचा साचा अल्जिनेटनं, म्हणजे पाण्यात कालवून घट्ट होणाऱ्या साच्याच्या पुडीनं. ते पाच मिनिटांच्या आसपास बसतं, त्यावर प्लास्टर बँडेजचा थर, नाकपुड्या पूर्ण वेळ उघड्या आणि एक जण नुसता त्या बघायला. प्लास्टर ऑफ पॅरिस थेट कातडीवर कधीही नाही. ते घट्ट होताना तापतं आणि भाजतं. जिलेटिनचे तुकडे स्वस्त, पण दिव्यांच्या उष्णतेत आणि घामात वितळतात. फोम लॅटेक्स किंवा सिलिकॉन घ्या. गोंद आणि लॅटेक्स दोन्हींची हाताच्या आतल्या बाजूला २४ तास चाचणी करा. गिमलीच्या त्या मेकअपनं जॉन ऱ्हिस-डेव्हिस यांच्या डोळ्यांभोवतीची कातडी इतकी बिघडली होती की ते त्यांच्यासाठी रोजचंच दुखणं झालं. म्हणून ज्याची कातडी गोंद सहन करत नाही त्याला राक्षस करू नका, नट कितीही चांगला असो. ही चाचणी निवडीच्या आधी, नंतर नाही.

फोकस_फूट

वेळापत्रकाचं एक राहिलं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बाहेरचं काही ठेवू नका. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, आधीपासून गच्च्यांवर स्पीकर सुरू होतात, १४ आणि १५ ला तर दिवसभर, आणि रात्री आकाशात तुक्कल, म्हणजे कागदी कंदील. वेताळाचं डबिंग होणार आहे, पण विक्रमाचं मौन थेट ध्वनीवरच घ्यायचं आहे: पावलं, श्वास, पाचोळा. ते रात्रीचे शॉट डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, गावाबाहेर मही नदीच्या बाजूला संपवा. राक्षसाचा प्रसंग त्याच दिवसांत संध्याकाळी, म्हणजे मुलाचे पाच तासही पाळले जातील.